दोन बोटं जाड

माझ्या थोरल्या साडूंइतका ठाम माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही, आणि चुकून असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये, एवढंच माझं देवाकडे मागणं आहे. साडूभाऊ राहतात वणीला आणि माझं कापडाचं दुकान नेरला. म्हणजे जिल्ह्याच्या दोन टोकांना आम्ही दोघं. सख्ख्या बहिणींचे नवरे एकमेकांपासून जितके लांब तितकी बहिणींची माया टिकते, असं आमचे सासरे म्हणायचे. तरी मी वणीला जातो. सणवार नसला तरी जातो. बायकोला बहिणीची ओढ आहे हे कारण आहेच; पण खरं सांगायचं तर साडूभाऊंच्या ठामपणाची मला चटक लागली आहे. दुकानात दिवसभर 'रंग जाईल का हो?', 'धुतल्यावर आटेल का हो?' ऐकून आणि 'तसं सांगता येत नाही' असं म्हणून म्हणून माणूस आतून लिबलिबीत होतो. साडूभाऊंच्या तोंडून 'सांगता येत नाही' हे शब्द मी कधी ऐकलेच नव्हते. पाऊस केव्हा येईल, एसटीत कोणत्या सीटवर धक्के कमी बसतात, उचकी कशानं थांबते, शेजारच्यांची सून नांदेल की नाही, हे सगळं त्यांना आधीच ठाऊक असतं. अंदाज चुकला तरी त्यांचं काही बिघडत नाही. "म्या बराबर सांगतलं होतं, पाऊसच लेट आला," असं म्हणून ते पुढच्या भाकिताला लागतात.

या ठामपणाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. साडूभाऊंची सगळी नोकरी कोळशाच्या खाणीत गेली, आणि तीही सर्व्हे खात्यात. जमिनीच्या पोटात कोळशाचा थर कुठे किती जाड आहे हे मोजायचं, आणि साहेबाला सांगायचं. साहेब बदलत गेले, साडूभाऊ तिथेच राहिले, आणि होता होता त्यांचं असं मत बनलं की जगातल्या कुठल्याही वस्तूची खरी गोष्ट तिच्या जाडीत असते. "लांबी-रुंदी दिसते, साडभाऊ. थे कोणीबी पाह्यते. जाडी लपून राह्यते. तुमी कापडवाले लांबी मोजता अन् जिंदगीभर फसता." हे वाक्य ते माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून म्हणतात. निवृत्त झाल्यावर खाण सुटली, पण चिमूट सुटली नाही. लग्नपत्रिका हातात आली की मुलीमुलाचं नाव वाचण्याआधी ते कागद चोळून पाहतात आणि लग्नात जेवण कसं असेल ते सांगतात. ज्वारीची भाकर पानात पडली की मधोमध बोट दाबतात. मुक्कामाला गेले तर गादीखाली हात घालून तिची जाडी घेतल्याशिवाय अंग टाकत नाहीत. एकदा आमच्याकडे नेरला आले असताना त्यांनी माझ्या डॉक्टरचा हात हातात घेतला आणि त्याची बोटं दाबून पाहत म्हणाले, "हात पातळ हाये, पण नाडी समजन याले." डॉक्टरनं त्या दिवशी माझ्याकडून फी घेतली नाही, बहुतेक घाबरला असावा.

पण या सगळ्या गोष्टी किरकोळ. साडूभाऊंच्या या तत्त्वज्ञानाचा कळस म्हणजे मासा. आणि तोही तव्यावरचा किंवा रश्श्यातला नाही, लाकडाच्या फळीवर भाजलेला. आंब्याची हातभर फळी रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी तिला जवसाचं तेल चोळायचं, परसातल्या विटांच्या चुलीवर जाळी टाकून तिच्यावर ती ठेवायची, आणि फळीवर मीठ-हळद-तिखट-लसूण लावलेला मासा. तो उलटायचा नाही, हलवायचा नाही, त्याच्याकडे फार बघायचंही नाही. खालून फळी धुमसते, तो धूर आणि ती वाफ माशात शिरते. किती वेळ ठेवायचा हे माशाच्या वजनावर नाही, लांबीवर तर मुळीच नाही, फक्त जाडीवर. तीही सगळ्यात जाड जागची, म्हणजे डोक्यामागची, पाठीवरची. शेपटीकडे मासा पातळ होतो, तिकडचं मांस आधी शिजून वाळतं. म्हणून साडूभाऊ शेपटीकडचा काटा काढून तो भाग खाली दुमडून घालतात, म्हणजे दोन पातळ मिळून एक जाड होतो. "दुमडला नाही तं शेपटीचा पापड अन् पाठीचा कच्चा गोया. हे ज्याले समजलं नाही त्यानं वरण खावं."

त्यामुळे वणीच्या बाजारात मासे घ्यायला त्यांच्याबरोबर जाणं हा एक स्वतंत्र अनुभव असतो. मासे विकणाऱ्या बाईच्या टोपलीपुढे ते उकिडवे बसतात, रोहूच्या पाठीवर दोन बोटं आडवी ठेवतात, डोळे मिटतात आणि मान हलवतात. "दीड बोट. दुसरा दाखव." बाई दुसरा काढते. "याचं पोट जाड हाये, पाठ नाही. फसवाचं काम हाये हे." एकदा असे सगळे मासे चाचपून झाल्यावर बाई वैतागून म्हणाली, "ओ भाऊ, मासोळी घेता का तिची नाडी पाहून राह्यले? मेली नं थे सकाळीच!" आजूबाजूचे हसले. साडूभाऊ हसले नाहीत. त्यांनी तिच्याच टोपलीच्या तळातून एक मासा ओढून काढला, पाठीवर बोटं ठेवली, आणि "दोन बोटं. हा," असं म्हणून उठले. बाई आता त्यांना पाहिलं की टोपली पुढे करते आणि स्वतः चहाला जाते.

आता मुळात फळीच का, हे सांगितलं पाहिजे, कारण कोणालाही वाटेल की हा परदेशी नाद असावा. तसा तो मोबाइलवरून आला हे खरं. पण त्याआधीची गोष्ट निराळी आहे. आमच्याकडे बऱ्याच घरांत मटण-कोंबडी आतल्या स्वयंपाकघरात शिजत नाही. परसात त्याची वेगळी चूल असते, खुंटीला वेगळा काळा गंज, म्हणजे पातेलं, आणि वेगळा चमचा. साडूभाऊंच्या घरीही ते सगळं आहे, आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्या काळ्या गंजात मटणाचा असा रस्सा करतात की पाहुण्यानं उठायचं विसरावं. पण मासा? मासा त्या काळ्या गंजातही चालत नाही. मासोळीला त्या घरात भांडंच नाही. आणि याला कारण साडूभाऊच आहेत.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. खाणीच्या क्वार्टरमध्ये नवा संसार होता. साडूभाऊंनी वर्धा नदीतला एक जाडजूड कटला आणला आणि नव्या नवरीला पाटावर बसवून म्हणाले, "आज तू बस. मी रांधतो." तुकडे केले ते विटेएवढे. वरून मासा लालबुंद झाला, वास शेजारच्या क्वार्टरपर्यंत गेला, आणि साडूभाऊंनी मधला, सगळ्यात जाड तुकडा मानाचा म्हणून बायकोला वाढला. तो आतून कच्चा होता. आता महिन्याभराच्या नवरीनं नवऱ्याच्या हातचं 'कच्चं आहे' असं म्हणायचं तरी कसं? ताईंनी तो सगळा खाल्ला. वर 'छान झालं' असंही म्हणाल्या. त्यानंतर पोट इतकं बिघडलं की दवाखान्यात सलाईन लावावं लागलं, आणि माहेराहून आमचे सासरे तरातरा येऊन मुलीला घेऊन गेले. ताई परत आल्या त्या बऱ्याच मध्यस्थीनंतर, आणि एकच अट घालून. "माया कोण्याच भांड्यात मासोळी नाही." साडूभाऊंनी ती अट मान्य केली. सासऱ्यांनी मात्र ती गोष्ट प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि तेरवीत सांगितली. मी धाकट्या मुलीला पाहायला गेलो तेव्हा त्यांनी शिक्षण, दुकान, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न असा: "तुमी मासे रांधता का?" मी म्हणालो, "मी चहासुद्धा करत नाही." सासऱ्यांनी सासूबाईंकडे समाधानानं पाहिलं आणि लग्न ठरलं.

तेव्हापासून साडूभाऊंच्या मनात एकच गोष्ट आहे. आपल्या बायकोनं आपल्या हातचा मासा पुन्हा एकदा खावा. हे त्यांनी मला कधी सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही. कोळशाचा थर मोजणारा माणूस माशाची जाडी मोजायला का लागला, हे न कळायला मी काही एवढा बावळट नाही. मधली बरीच वर्षं ते काहीतरी करून पाहत होते. पळसाच्या पानात गुंडाळून झालं, तापलेल्या विटेवर टाकून झालं. मग जावयानं मोबाइल घेऊन दिला आणि त्यात कोणीतरी टोपीवाला परदेशी माणूस लाकडाच्या फळीवर लाल मासा भाजताना त्यांना दिसला. "बोलत काय होता थे समजलं नाही. पण त्याच्यापाशी भांडं नव्हतं, साडभाऊ!" ताईंनी भांड्याला मनाई केली होती, लाकडाला केली नव्हती.

मग लाकडाचा शोध सुरू झाला. पहिली फळी सागाची होती, जुन्या दारातून निघालेली. तो मासा खाताना नव्या कपाटात तोंड घातल्यासारखं वाटलं. दुसरी कडुनिंबाची. "कडू असते म्हणून तं दात घासतात, तब्येतीले चांगली," असं म्हणून त्यांनी मला पहिला घास दिला, आणि पुढे दोन दिवस मला साखरसुद्धा कडू लागत होती. तिसऱ्या वेळी घरात फळी नव्हती, म्हणून साडूभाऊंनी देवघराच्या मागे ठेवलेला पाट काढला. तो ताईंच्या रुखवतात आलेला पाट होता, त्यावर हिरव्या-लाल ऑइलपेंटनं वेलबुट्टी काढलेली. ते चित्र माशाच्या खालच्या बाजूला इतकं हुबेहूब उठलं की मासा वाढायचा की फ्रेम करायचा असा प्रश्न पडला. ताई त्या दिवशी नवऱ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलल्या, आणि ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. शेवटी शेजारी वादळात आंब्याचं झाड पडलं, साडूभाऊ स्वतः ओंडका घेऊन आरा मशीनवर गेले आणि फळ्या चिरून आणल्या. अर्थात सगळ्या एका जाडीच्या. मशीनवाल्याला त्यांनी किती छळलं असेल याची कल्पना करवत नाही.

जाडी मिळाली, लाकूड मिळालं, तरी वेळ मोजायचा कशानं हा प्रश्न उरतो. साडूभाऊंचा घड्याळावर विश्वास नाही. "घड्याळ शिफ्टसाठी असते. सायरन वाजला, घरी जा. माशाले शिफ्ट नसते." बरेच दिवस मला कळेना की ते वेळ ठरवतात कसा. चुलीजवळ बसले की ते बोलणं थांबवायचे, मान थोडी तिरकी करायचे, आणि एकाएकी उठून मासा उतरवायचे. तो नेमका शिजलेला असायचा. सुरीचं टोक जाड जागी घातलं की मांस पाकळ्यांसारखं सुटायचं, आत पांढरं, ओलं, आणि कुठेही गुलाबी नाही. एक दिवस मी विचारलंच. ते माझ्या कानाला लागून म्हणाले, "आवाज ऐका."

आतून ताईंचा आवाज येत होता. दिवेलागणीला ताई देवापुढे बसून माळ ओढतात, रामनामाची, आणि मोठ्यानं जपतात. त्यांचा जप संथ, ठरल्या गतीचा, कधी मागेपुढे नाही. साडूभाऊंनी त्याचं गणित बसवलं होतं. "एक बोट जाडीले एक माळ. दीड बोटाले दोनच्या जराशी वर. आता तुमी म्हणान दोन बोटाले दोन माळा, हो नं?" मी मान हलवली. "इथंच फसलात. चार! जाडी दुप्पट झाली तं वेळ दुप्पट नाही होत, निरा वाढून जाते. आत पोचाले वेळ लागते नं त्याले." शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले.

हे गुपित फार दिवस टिकलं नाही, आणि फोडलं त्यांनी स्वतःच. एका रविवारी जप ऐन रंगात असताना ताईंना मुलीचा फोन आला आणि आतला आवाज थांबला. साडूभाऊ चुलीपाशी कासावीस झाले. थोडा वेळ त्यांनी धीर धरला आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "अवो, कुठीसा थांबली? मासा जळून राह्यला नं इकडे!" ताई बाहेर आल्या. फोन कानाला तसाच. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं, हातातल्या माळेकडे पाहिलं, आणि सगळा उलगडा झाल्यावर म्हणाल्या, "माया रामाले तुमी मासा शिजवाले लावला?" साडूभाऊंनी चटकन चुलीत वाकून निखारे सारखे करायला घेतले. पुढच्या रविवारी ताईंनी मनातल्या मनात जप केला. तो मासा काय झाला हे विचारू नका. गल्लीतल्या मांजरीनंही दोनदा विचार केला. पण त्याच्या पुढच्या रविवारी दिवेलागणीला आतून पुन्हा आवाज आला, नेहमीसारखा, किंचित मोठाच. त्या दिवशी परतताना बायको मला म्हणाली, "एक सांगू? ताई रोज एकच माळ करते. रविवारी मात्र आधी खिडकीतून बाहेर पाहते, अन् मग बसते. कधी दोन करते, कधी चार." एसटीनं यवतमाळ सोडलं तरी मी बोटांवर माळा मोजत होतो.

फळीच्या आधी साडूभाऊंची एकुलती मुलगी पाहायला स्थळ आलं होतं, तेव्हाही त्यांनी सासऱ्यांचीच परंपरा चालवली. मुलगा नोकरीवाला, गोरागोमटा, दबकून बसलेला. साडूभाऊंनी त्याला विचारलं, "समजा दोन बोटं जाड रोहू हाये. किती वेळ ठेवान?" मुलाच्या वडिलांना वाटलं काहीतरी कोडं आहे. मुलानं घाम पुसत उत्तर दिलं, "शिजेपर्यंत." साडूभाऊंनी मांडीवर थाप मारली. "पोट्टा चालन!" आणि खरोखर चालला. मुलगी आता पुण्याला सुखात आहे, जावई मासे शिजेपर्यंत ठेवतो.

पण मुलगी गेली आणि घरात दोघंच उरली. रविवारचं जेवण त्या घरात दोन ठिकाणी होतं. ताई आत, वरण-भात-भाजी. साडूभाऊ बाहेर, चुलीपाशी, फळी पुढ्यात घेऊन. आम्ही असलो की मी बाहेर त्यांच्याबरोबर आणि बायको आत बहिणीबरोबर. आम्ही नसलो की दोघं एकेकटी, मध्ये एक भिंत आणि एक खिडकी. ताई मासा खात नाहीत एवढंच नव्हे, तो समोर असला की त्या तिथे बसतही नाहीत. एरवी सोमवार ते शनिवार हे जोडपं एकमेकांशी भांडत भांडत एका जागी जेवतं. रविवारी शांतता असते, आणि ती शांतता दोघांनाही आवडत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "साडभाऊ, रविवारी या. शेवटचा मासा हाये." मला वाटलं प्रकृती बिघडली. ते म्हणाले, "तब्येतीले काय होते मले? सोडून राह्यलो. दोघंच तं हाओ घरात. रविवारी ती आत जेवते, मी बाहेर. असं किती दिवस चालवाचं? ती इकडे येत नाही, तं मी तिकडे जातो. ठरलं." आवाज नेहमीसारखाच ठाम होता. फोन ठेवल्यावर मी दुकानात कापडाची थानं उलगडत होतो, पण एका गिऱ्हाइकाला दोनदा तेच कापड दाखवलं.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा साडूभाऊंनी बाजारातून कटला आणलेला होता. मोठा. पाठीवर त्यांनी माझी बोटं धरून ठेवली. दोन बोटं आणि वर अर्धं. "तवाचा असाच होता," ते म्हणाले. केव्हाचा, हे मी विचारलं नाही. चूल पेटली, फळीवर मासा चढला, साडूभाऊंनी शेपटी दुमडून घातली आणि मान तिरकी करून जपाची वाट पाहत बसले. आत बायकोनं ताईंना सगळं सांगितलेलं असावं, कारण स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता. देवाजवळ दिवा लागल्याचं खिडकीतून दिसलं. जप मात्र सुरू झाला नाही.

मग मागचं दार उघडलं आणि ताई बाहेर आल्या. हातात एक पाट. तोच, हिरव्या-लाल वेलबुट्टीचा, उरलासुरला. त्यांनी तो चुलीशेजारी ठेवला, त्यावर बसल्या, आणि पदर नीट केला. मागोमाग बायको चौघांची ताटं घेऊन आली.

साडूभाऊ पाहतच राहिले. "अवो, माळ?"

"झाली सकाळीच."

"अन् आता?"

"आता इथंच बसतो," ताई म्हणाल्या. "शेवटचा हाये म्हणते मासा. तं खाऊन पाहीन म्हणलं."

इतकी वर्षं ज्या क्षणाची हा माणूस वाट पाहत होता, तो असा पाट घेऊन शेजारी येऊन बसला, आणि त्या माणसाजवळ वेळ मोजायला काहीच उरलं नाही. मोजणारीच बाहेर येऊन बसली होती. मी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही. निखारे मागे ओढले, पुन्हा पुढे सारले. सुरी हातात घेतली, पण माशात घालायचा धीर झाला नाही. फळीचे कोपरे पेटले, त्यांवर पाणी मारलं. मला हळूच विचारलं, "साडभाऊ, किती झालं असन?" आजवर मला त्यांनी काही म्हणजे काही विचारलेलं नव्हतं.

"झालं का?" ताईंनी विचारलं.

साडूभाऊंनी माशाकडे पाहिलं, मग ताईंकडे. कपाळावर धुराचा आणि घामाचा चिखल झाला होता. आणि मग जे शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते, ते मी ऐकले. "सांगता येत नाही," साडूभाऊ म्हणाले.

"मंग द्या तसाच," ताई म्हणाल्या. "मधला द्या. जाडवाला."

"नाही, नाही. थांब जराशी. अजून जरासाक ठेवू दे."

आणि ते ठेवत गेले. मला दिसत होतं की मासा होऊन गेला आहे, आता उतरवायला हवा, आता तर नक्कीच. पण मी बोललो नाही, बायकोही बोलली नाही. कच्चा राहण्यापेक्षा राख झाली तरी चालेल, असं काहीतरी त्यांच्या हातांनीच ठरवलं होतं. शेवटी तो खाली उतरला तेव्हा लाकूड कोणतं आणि मासा कोणता हे सांगायला आरा मशीनवाल्याला बोलवावं लागलं असतं. जाडीची जिल्ह्यातली सगळ्यात मोठी जाणकारी त्या दिवशी फळीवर वाळून पडली होती. साडूभाऊंनी मधला तुकडा उलथण्यानं सोडवला, ताईंच्या ताटात ठेवला, आणि हात मांडीवर घट्ट धरून बसले.

ताईंनी घास घेतला. बराच वेळ चावला. चावावाच लागत होता.

"शिजला नं?" साडूभाऊंनी विचारलं.

"शिजला."

"मधात पाह्य. कच्चा नाही नं?"

"अवो, शिजला म्हणलं नं. मस्त शिजला."

"वाळला जरासा."

"वाळू द्या," ताई म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. तेव्हाही त्यांनी असाच, न बोलता, सगळा तुकडा संपवला असेल. फक्त आज त्यांच्या चेहऱ्यावर नव्या नवरीची भीती नव्हती. बोटं चाटून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता सोडायचं-बिडायचं नाव काढू नोका. पुढच्या रविवारी मी इथंच बसून माळ म्हणीन. तवा कुठी वेळेवर उतरवान."

साडूभाऊंनी धूर लागल्यासारखा चेहरा दुसरीकडे वळवला. धूर उलट्या दिशेला जात होता, पण ते कोण सांगणार! मग त्यांनी स्वतःसाठी शेपटीचा दुमडलेला, जळका तुकडा घेतला आणि पाटाशेजारी जमिनीवरच बसले. इतक्या वर्षांत रविवारी त्या दोघांना एका जागी जेवताना मी पहिल्यांदा पाहत होतो. मला फार बरं वाटलं, आणि का कोण जाणे, तिथे थांबू नये असंही वाटलं. मी बायकोला खूण केली. आम्ही आमची ताटं उचलली आणि आत स्वयंपाकघरात जाऊन बसलो, जिथे ताई इतके रविवार एकट्या बसल्या होत्या.

थोड्या वेळानं बाहेरून साडूभाऊंचा आवाज आला. "म्या सांगतलं होतं नं, सारं जाडीवर असते." शब्द नेहमीचेच होते. आवाज मात्र जरा हळू होता.